ऑरलँडो, डिसेंबर अखेर, सहा माणसं: रांग टाळायचा पास घ्यावा का?

जास्वंद (९ नोव्हेंबर)
नमस्कार मंडळी. आम्ही अटलांटाला राहतो. आई-बाबा साताऱ्याहून आलेत, जानेवारीत परत जातील. २६ डिसेंबरला गाडीने ऑरलँडोला जायचं पक्कं झालंय. एक दिवस डिस्नेचं मॅजिक किंगडम, एक दिवस युनिव्हर्सल, दोन्ही थीम पार्क. आम्ही दोघं, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची, आणि आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात. वीस मिनिटं सलग उभी राहिली की बसायला जागा शोधते.

तिकिटं काढतानाच पोटात गोळा आला होता. आता वर हा पास. डिस्नेचा लाइटनिंग लेन मल्टी पास डिसेंबर २०२४ मध्ये माणशी ३९ डॉलरपर्यंत गेला होता म्हणे. सहा जणांचे २३४, वर कर. युनिव्हर्सलचा तसाच पास, एक्सप्रेस, त्याहून कितीतरी महाग. नवरा म्हणतो, आई-बाबांना घेऊन पुन्हा कधी जाणार, घेऊन टाकू. बाबा म्हणतात, "तिकीट काढलंय ना? मग उभं राहायचं. एसटीच्या रांगेत आयुष्य गेलं माझं." मला दोघांचंही पटतंय आणि रात्री झोप लागत नाहीये. ज्यांनी पास घेतला आणि ज्यांनी मुद्दाम घेतला नाही, दोघांनीही लिहा.

पिंपळपान (९ नोव्हेंबर)
न्यू जर्सीतून पाच वेळा जाऊन आलोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

सहा जणांना पास घ्यायचा हे आधी डोक्यातून काढा. पास माणसागणिक असतो, कुटुंबाला नाही. आधी कागद घ्या आणि कोण कशात बसणार ते लिहा. मुलीची उंची आजच मोजा. मॅजिक किंगडममध्ये ट्रॉन राइडला ४८ इंच लागतात, स्पेस माउंटनला ४४, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८. बाबा स्पेस माउंटनमध्ये बसणार नसतील तर त्यांच्या पासाचा निम्मा उपयोग तिथेच गेला.

दुसरं म्हणजे मल्टी पास घेतला की सगळ्या रांगा संपल्या असं होत नाही. आधी तीन राइड निवडायच्या, प्रत्येकीला तासाभराची वेळ मिळते. एक वापरली की पुढची घ्यायची. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी निवडता येतं, बाकीच्यांना तीन दिवस आधी, सकाळी सातला. तुम्ही बाहेर उतरणार, म्हणजे चांगल्या वेळा तोवर बऱ्याच गेलेल्या असतील. सातला पाच कमी असताना फोन हातात हवा. आणि ट्रॉनसारख्या राइडचा सिंगल पास वेगळा, त्याचे पैसे वेगळे.

माझं मत: डिसेंबरचा शेवटचा आठवडा असेल तर चौघांना घ्या, आई-बाबांना नको.

सह्यभटक्या (९ नोव्हेंबर)
ऑरलँडोचं माहीत नाही. खोपोलीच्या इमॅजिकाला तीनदा गेलोय, चिंचवडहून सव्वा तासात पोचतो. पहिल्यांदा शनिवारी गेलो आणि एक्सप्रेस तिकीट घेतलं. दुसऱ्यांदा जुलैत मंगळवारी गेलो, साधं तिकीट. नायट्रोवर लागोपाठ चार वेळा बसलो. खाली फरशी नाही, पाय मोकळे लोंबकळतात, ताशी १०५ किलोमीटर वेग, आणि उतरून परत चढायला पाच मिनिटंही लागत नव्हती. त्या दिवशी कोणी पास फुकट दिला असता तरी तो खिशातच राहिला असता.

तिसऱ्यांदा डिसेंबरात बुधवार निवडला, रिकामं असेल म्हणून. वाहनतळावर शाळेच्या सहलीच्या बस ओळीने उभ्या! त्यामुळे पास घ्यायचा की नाही हे आधी कॅलेंडर बघून ठरवा.

बोरिवलीवाला (१० नोव्हेंबर)
इमॅजिका २०१३ चं. आमच्या लहानपणी एस्सेलवर्ल्ड होतं, १९८९ पासून. गोराईच्या बोटीत बसलं की तिथेच निम्मी सहल वसूल. झिपर डिपरच्या रांगेत माझ्या पुढे कोण होतं ते अजून आठवतं. निळ्या फ्रॉकातली मुलगी, तिच्या बाबांनी तिला खांद्यावर बसवलं होतं आणि ती वरून सगळ्या रांगेला बातम्या देत होती: "गाडी आली! दहा जण गेले! आता आपण!" तेव्हा पास नावाचा प्रकार नव्हता. गाडीतून आलेला आणि लोकलने आलेला एकाच लोखंडी कठड्याला टेकून उभा असायचा.

तुळशीवृंदावन (१० नोव्हेंबर)
बोरिवलीवाला, अगदी माझ्या मनातलं लिहिलंत.

माझं माहेर पंढरपूरजवळचं. आषाढीला दर्शनबारी गोपाळपूरपर्यंत आणि त्याही पलीकडे जाते. माणसं रात्रभर उभी असतात. माझी आजी त्या बारीत उभी राहिली आहे. तिला कोणी ओळखीने पुढे नेतो म्हणालं तर ती म्हणायची, "माझ्या पुढं उभी हाय ती काय विठोबाची कोण न्हाई?" पैसे देऊन पुढे जायची सवय मुलांना सहाव्या वर्षी लागली की सोळाव्या वर्षी तीच मुलं दवाखान्यातही पुढे घुसतात. जास्वंद, तुझ्या बाबांचं ऐक.

सेंटोसाकर (१० नोव्हेंबर)
काकू, तिरुपतीला ३०० रुपयांचं दर्शन कितीतरी वर्षं आहे आणि आपल्यातलेच लोक ते घेतात. देवाच्या दारी चालतं ते पाळण्याच्या दारी का नको?

तुळशीवृंदावन (१० नोव्हेंबर)
मी कधी घेतलं नाही आणि घेणारही नाही. म्हाताऱ्या माणसांना, लेकुरवाळीला पुढे जाऊ द्यावं, त्याला माझी हरकत नाही. ते पैशावर नको, एवढंच म्हणणं आहे.

गणितमास्तर (११ नोव्हेंबर)
भावनेचा मुद्दा बाजूला ठेवून थोडा हिशेब मांडतो. माझं कामच गोदामातल्या रांगांचं आहे, त्यामुळे राहवत नाही.

समजा एक राइड तासाला १२०० माणसं नेते. साध्या रांगेत ४०० जण आहेत. पास नसेल तर शेवटच्या माणसाचा नंबर वीस मिनिटांत लागेल. आता पासवाल्यांना तासाला ८०० जागा दिल्या. साध्या रांगेला उरल्या ४००. तोच शेवटचा माणूस आता एक तास उभा. राइड तीच, वेग तोच, पुढची माणसंही तेवढीच.

दोन रांगा जिथे मिळतात तिथे एक कर्मचारी उभा असतो. त्याच्याकडे नीट बघा. पासवाल्यांकडून वीस जण सोडतो, साध्या रांगेतून पाच. तुमचा दिवस कसा जाणार हे त्याचा हात ठरवतो.

पिंपळपान (११ नोव्हेंबर)
मास्तर, इथे एक चूक आहे. पास नसता तर ते ८०० जण घरी बसले नसते. तेही तुमच्या पुढे साध्या रांगेतच उभे असते. म्हणजे रांग ४०० ची नव्हे, १२०० ची झाली असती, आणि तुमच्या शेवटच्या माणसाला तासच लागला असता.

गणितमास्तर (११ नोव्हेंबर)
मुद्दा बरोबर आहे. एकाच राइडपुरतं बघितलं तर तुमचं म्हणणं मान्य, माझं उदाहरण अपुरं होतं.

पण पूर्ण बाग बघा. साध्या रांगेत उभा असलेला माणूस एका वेळी एकाच रांगेत असतो. पासवाल्याची वेळ दुपारी दोनची ठरलेली आहे, म्हणजे त्या रांगेत त्याची जागा धरलेली आहे. दरम्यान तो झाडाखाली बसत नाही, दुसऱ्या राइडच्या रांगेत जाऊन उभा राहतो. एक माणूस, दोन रांगांत. अशी दहा हजार माणसं झाली की पूर्वी ज्या राइडना कधी रांग नसायची तिथेही अर्धा तास लागायला लागतो. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता, ज्याच्याकडे तिकीट त्याला मिळायचा. तेव्हापासूनच हे होतंय. २०२१ मध्ये जिनी प्लसच्या नावाने त्याला किंमत लागली, आणि २०२४ मध्ये नाव बदलून लाइटनिंग लेन मल्टी पास झाला. त्याच वर्षी प्रीमियर पास आला. वेळ निवडायची भानगड नाही, कधीही जा, आणि मॅजिक किंगडमचा गर्दीच्या दिवसाचा भाव तेव्हा माणशी ४४९ डॉलरपर्यंत.

निळाई (११ नोव्हेंबर)
तुळशीवृंदावन ताई, तुमच्या आजींचं वाक्य वाचून डोळ्यात पाणी आलं. तरीही मला एक सांगायचंय.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न आहे. वळणावळणाच्या रांगेत त्याला पुढे दार दिसत नाही. रांग संपणार आहे हे त्याला सांगून कळत नाही. एका बागेत आम्ही चाळीस मिनिटं काढली. त्याने कठड्याची साखळी हातात धरली आणि कड्या मोजत राहिला. मागचे लोक पुढे सरका म्हणाले, मी त्याचा हात सोडवला, आणि त्याची मोजणी चुकली. मग तो खाली बसला आणि ओरडायला लागला. राइड दहा पावलांवर होती. आम्ही उलटे, सगळ्या रांगेतून वाट काढत बाहेर आलो. लोक बाजूला होत होते, पण आमच्याकडे बघत होते.

डिस्नेमध्ये अशा मुलांसाठी डॅस नावाची वेगळी सोय आहे, तिला पैसे लागत नाहीत. आधी व्हिडिओ कॉलवर बोलावं लागतं. रांगेत प्रत्यक्ष उभं न राहता तेवढाच वेळ बाहेर काढायचा आणि मग आत जायचं. २०२४ पासून नियम कडक झालेत, आता ती मुख्यतः स्वमग्नता किंवा तशा विकासात्मक अडचणी असणाऱ्यांनाच मिळते. जास्वंद, गुडघेदुखीला मिळणार नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नकोस. आईंसाठी दारातच चाकाची खुर्ची भाड्याने घे. खुर्ची घेतली म्हणजे पुढे सोडतात असं नाही, बऱ्याच रांगांतून खुर्ची तशीच नेता येते. पण आई बसून रांगेत राहतील.

तुळशीवृंदावन (११ नोव्हेंबर)
निळाई, बाळाला माझा आशीर्वाद सांग. अशा वेळी पुढे जाणं हा हक्कच आहे गं.

सेंटोसाकर (१२ नोव्हेंबर)
आता माझा अनुभव. बागेचं नाव लिहीत नाही. आठ वर्षांच्या पुतण्यासाठी महागातला पास घेतला, वाट्टेल तितक्या वेळा बसा असा. पहिल्याच राइडपाशी उंचीची काठी. पुतण्या टाचा जमिनीला चिकटवून, मान ताणून उभा राहिला. तिथल्या कर्मचारी मुलीने काठीवरची आडवी पट्टी हळूच खाली आणली. पट्टी आणि डोकं यांच्यात माझी दोन बोटं गेली असती इतकं अंतर. त्याने बूट बदलून परत येऊ का विचारलं. पैसे परत नाहीत, पास दुसऱ्याच्या नावावर नाही. पिंपळपान म्हणतात तसं उंची आधी मोजा, आणि घरच्या दाराच्या चौकटीवर मोजा, अंदाजाने नको.

दुसरं, सिंगल रायडरची रांग विसरू नका. आमच्या सिंगापूरच्या युनिव्हर्सलला ट्रान्सफॉर्मर्स आणि ममी दोन्हींना आहे. चौघांच्या डब्यात तिघे बसले की उरलेल्या जागेत एकट्याला घेतात. अकरा वर्षांचा मुलगा एकटा अनोळखी माणसाशेजारी बसायला तयार असेल तर फुकटात निम्मा वेळ वाचतो. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमधल्या वेलोसीकोस्टरलाही ही रांग आहे.

पोळीभाजी (१२ नोव्हेंबर)
पास राहू दे, खायचं काय नेणार? डिस्नेत घरचं खाणं नेता येतं, फक्त काचेच्या बरण्या नकोत. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. आत एका वेळच्या जेवणाला सहा जणांचे जे लागतात त्यात चौघांचा पास येतो.

जास्वंद (१२ नोव्हेंबर)
पोळीभाजी, दशम्यांचं ऐकून आई एकदम खूश! काल चौकटीवर लेकीची उंची मोजली, ४५ इंच. म्हणजे स्पेस माउंटन चालेल, ट्रॉन नाही. अजून कोणी तिला सांगितलेलं नाही.

युनिव्हर्सलच्या हॉटेलात राहिलं की एक्सप्रेस फुकट मिळतो असं एका मैत्रिणीने सांगितलं, खरं का?

पिंपळपान (१२ नोव्हेंबर)
खरं, पण सगळ्या हॉटेलांत नाही. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीनच. खोलीत जेवढी माणसं तेवढ्यांना अनलिमिटेड एक्सप्रेस, आल्याचा दिवस आणि निघायचा दिवस दोन्ही धरून. म्हणजे एका रात्रीत दोन दिवस. जुन्या दोन बागांनाच चालतो, मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्सला नाही. तुम्ही सहा जण, म्हणजे दोन खोल्या, त्यात हा आठवडा. आणि जाणार एकच दिवस. मला नाही वाटत तुमचं गणित बसेल, पण खोलीचा भाव बघून घ्या.

टोकियोत_मी (१३ नोव्हेंबर)
इथल्या डिस्नेत दोन्ही प्रकार आहेत. प्रीमियर ॲक्सेस राइडगणिक विकत, आणि काही राइडना प्रायॉरिटी पास फुकट, फोनवर घ्यायचा. तरी बरीच मंडळी रांगेतच रमतात. मिरवणुकीआधी तासभर चटया अंथरून बसतात, चपला काढून, शेजारी व्यवस्थित जोडून ठेवतात. मला ते बघून गावच्या कीर्तनाची आठवण येते.

जास्वंद (३ जानेवारी)
जाऊन आलो! सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते लिहिते.

मॅजिक किंगडमला पिंपळपान यांचं ऐकून चौघांचा मल्टी पास घेतला, आई-बाबांचा नाही. सकाळी सातच्या आत वाहनतळावर पोचलो आणि तलावातून बोटीने गेलो. बाबा कठड्याला धरून उभे, "अगदी बामणोलीची लाँच!" असं तीनदा म्हणाले. आईला दारात खुर्ची घेतली. निळाई, तुझे किती आभार मानू! 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'च्या रांगेत आई बसून, मांडीवर दशम्यांचा डबा घेऊन, राणीसारखी पुढे सरकत होती.

स्पेस माउंटन पासमुळे भराभर झालं. लेक स्पेस माउंटनमधून उतरली तेव्हा तोंडातून शब्द नव्हता, नुसता माझा हात घट्ट धरला होता. तोवर मला वाटत होतं, पैसे कारणी लागले.

मग जंगल क्रूझ. बाहेर फलक सत्तर मिनिटांचा. आमचा पास होता, आई-बाबांचा नाही. आई म्हणाली मी सावलीत बसते, तुम्ही जा. बाबा साध्या रांगेत उभे राहिले. आणि लेक म्हणाली, "मी आजोबांबरोबर." तिला समजावलं की तुझा पास आहे, ती हलेना. आम्ही तिघं पंधरा मिनिटांत बसलो, फिरलो, बाहेर आलो. आणि मग आईजवळ बाकावर बसून त्या दोघांची वाट बघितली, पाऊण तासापेक्षा जास्त. पास घेऊन आम्ही वाचवलं काय? जेवढा वेळ रांगेत उभं राहायचं तेवढाच बाकावर बसलो, आणि तेही दोघं आत असताना. मुलगा फोनमध्ये, नवरा पुढची वेळ शोधण्यात. हे आमच्यापैकी कोणालाच आधी सुचलं नव्हतं. सगळे एकत्र फिरणार असाल तर चौघांचाच पास घेण्यात अर्थ नाही. एक तर सहाही जणांचा घ्या, नाही तर कोणाचाच नको.

ती दोघं बाहेर आली तेव्हा लेकीच्या टोपीत कागदाची होडी खोचलेली. बाबांनी रांगेत बागेच्या नकाशाची करून दिली होती. मागे एक कुटुंब होतं, त्यांच्या दोन मुलांनाही करून दिल्या. बाबांना इंग्रजी फारसं येत नाही, पण घडी कुठे दुमडायची ते बोटाने दाखवता येतं. शेवटी कर्मचाऱ्यानेही एक मागून घेतली म्हणे. गावांच्या भेंड्याही झाल्या. लेकीला 'ण' वरून गाव सापडेना म्हणून ती अजून माझ्या मागे लागली आहे.

युनिव्हर्सलला हॉटेलचं गणित बसलं नाही. तिथे आम्ही वेगळं केलं. एक्सप्रेस फक्त नवरा आणि मुलगा यांचा घेतला. ते दोघं सकाळीच वेगळे झाले, वेलोसीकोस्टरवर तीनदा बसले. आम्ही चौघं स्यूस लँडिंगच्या छोट्या पाळण्यांवर आणि हॅरी पॉटरच्या हॉगस्मीडच्या गल्लीत रमलो. दुपारी जेवायला भेटलो. कोणी कोणासाठी थांबलं नाही. तिथले पैसे मला जराही टोचले नाहीत.

तुळशीवृंदावन (३ जानेवारी)
बाबांना माझा नमस्कार सांग. आणि लेकीला सांग, 'ण' वरून गाव मलाही सापडत नाहीये. आमच्यात 'ण' आला की 'न' चालतो. नाशिक म्हणायचं.

पिंपळपान (३ जानेवारी)
जास्वंद, माझा सल्ला अपुरा पडला. आम्ही नेहमी चौघंच गेलो, त्यामुळे बाकावर थांबणाऱ्यांचा विचारच केला नाही. पुढच्या वर्षी माझे सासू-सासरे येणार आहेत, तेव्हा सहाही जणांचा घेईन, पण जानेवारीच्या शेवटी जाईन, तेव्हा भावही कमी असतात.

गणितमास्तर (४ जानेवारी)
बाकावरचा पाऊण तास माझ्या हिशेबातही नव्हता. पुढच्या वेळी तोही धरेन.

नवी_सदस्या (४ जानेवारी)
पूर्ण धागा वाचला. आम्ही २६ जानेवारीला इमॅजिकाला जातोय, सासूबाई बरोबर आहेत. एक्सप्रेस घेऊ का?

सह्यभटक्या (४ जानेवारी)
यंदा २६ जानेवारी सोमवारी आलीय, म्हणजे तीन दिवस जोडून सुट्टी. जमत असेल तर पुढच्या आठवड्यातला मंगळवार बघा आणि सहली किती आहेत ते आधी फोन करून विचारा. नसेलच जमत तर सासूबाई कशात कशात बसणार ते लिहा, मग सांगतो.